शेव-बुंदीला पोखराला पोचवताना

मुग्धाचा फोन आला. आमची ही मुलगी पोखराला एका शाळेत शिकवते. "आई, अंगणवालं घर मिळालं एकदाचं. शेव-बुंदीला आणून द्या ना."

शेव आणि बुंदी या तिच्या दोन गावठी कुत्र्या. पिल्लं असताना सातपूरच्या रस्त्यावरून तिनेच उचलून आणल्या आणि नेपाळला जाताना आमच्याकडे ठेवून गेली. माझे मिस्टर निवृत्त झाल्यापासून त्यांच्यातच रमलेले. ते एवढंच म्हणाले, "विमानात सामानासारखं नाही घालायचं त्यांना. गाडीने जाऊ." मी त्याच दुपारी माळ्यावरून बॅगा काढल्या.

चांदवडच्या घाटात कांद्याच्या ट्रॅक्टरमागे अडकलो आणि शेवने मागच्या सीटवर ओकारी काढली. कुणी असा बेत करत असाल तर कुत्र्यांना उपाशीपोटी बसवा आणि जुन्या चादरी भरपूर घ्या. इंदूरपर्यंत आमच्या निम्म्या संपल्या होत्या. दर दोन तासांनी थांबायचं, पाणी पाजायचं, फिरवायचं. ढाब्यावर आम्ही पाळीपाळीने जेवायचो, एकाने गाडीत बसायचं. माझी पाळी येईपर्यंत रोटी चामड्यासारखी झालेली असायची.

झाशीचं हॉटेल 'पाळीव प्राण्यांचं स्वागत' असं वाचून आधीच बुक केलं होतं. मॅनेजरने दोघींना बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, पेट मतलब वो छोटावाला. गोद में बैठनेवाला." बऱ्याच हुज्जतीनंतर जनरेटरशेजारची खोली मिळाली, तीही जादा पैसे घेऊन. म्हणून सांगते, फोन करून कुत्र्याचं वजन सांगा, फोटो पाठवा, मगच पैसे भरा.

सोनौलीची सीमा मात्र वाटली तेवढी अवघड गेली नाही. रेबीजच्या लशीची नोंद आणि पशुवैद्याचा दाखला बघितला गेला. गाडीचा परवाना वेगळा काढावा लागतो, पैसे दिवसांवर. ह्यांनी महिन्याचा काढला. मी म्हटलं, "आपण तर आठवड्यात परत निघणार." ते म्हणाले, "असू दे."

पलीकडे भैरहवात एका बाईंच्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. त्यांनी न विचारताच अंगणात गोधडी टाकली आणि म्हणाल्या, "कुकुर पनि घरकै मान्छे हो." कुत्रंही घरचंच माणूस. ह्यांचे डोळे भरून आले. मी वरणभात खाल्ला आणि बसल्या जागी पेंगले.

पुढचा पाल्पाचा रस्ता नुसता वळणांचा. पोखराला पोचलो तेव्हा माझी कंबर धरली होती. मुग्धा फाटकात उभी होती. दोघी तिच्या अंगावर अशा झेपावल्या की ती खालीच बसली, हसत, रडत. हे गाडीजवळच उभे राहिले, हातात दोन पट्टे.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. सकाळी मुग्धा दोघींना तळ्याकाठी नेई आणि हे मागून चालत. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तीच म्हणाली, "बाबा, तुम्हाला इतकं जड जात असेल तर घेऊन जा परत. मी सुट्टीत येऊन भेटेन त्यांना."

ह्यांचा चेहरा उजळला. आणि मी बोलून गेले, "मला त्या परत नको आहेत."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"वाईट नाहीत गं त्या. पण मी दमलेय. भाचीच्या लग्नाला गेले ते ह्यांच्यासाठी आणि त्यांच्यासाठी त्याच दुपारी परत आले. कळवणला बहिणीकडे राहून किती वर्षं झाली? ह्यांचा जीव आहे त्यांच्यावर, पण फरशी मीच पुसते. भुंकल्याच्या तक्रारीही शेजारचे माझ्याकडेच घेऊन येतात."

मुग्धाने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. ती मला नको होती, तरी खाल्ली.

संध्याकाळी हे शेजारी येऊन बसले. "अगं, गाडीचा परवाना आहे महिन्याचा. मी राहतो इथे. सवय होईल त्यांना. मलाही."

"आणि मी?"

"तू जा. विमानाने जा, आरामात. परत गाडीतून कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस?"

लग्नानंतर एकटीने एवढा प्रवास मी पहिल्यांदाच केला. काठमांडूहून मुंबई, पुढे टॅक्सीने कसारा घाट. चालक गाणी लावू का विचारत होता. नको म्हटलं. मागच्या सीटवर पाय पसरून बसले, कुणाच्या पंजाला धक्का लागेल ही भीती नव्हती.

घरी येऊन झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जागी झाले ते ह्यांच्या फोनने. बुंदी तळ्यात उतरली, शेव शेजारच्यांच्या कोंबडीमागे धावली, मुग्धा ओरडली, सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारायचं काम माझंच होतं. मी पटकन 'हो' म्हणून टाकलं.

पोखरा सुंदर आहे, जरूर जा. पण मला विचाराल तर तळ्यापेक्षा, डोंगरांपेक्षा त्यांचा तो प्रश्नच जास्त लक्षात राहिलाय. फोन ठेवला. मग उठले आणि एकटीपुरता भात लावला.