खाड्याचं भ्या

नामांतराच्या दंगलीचे दिवस होते बघा. आमच्या फाट्यावर चितेगावच्या कंपनीत जाणारी एक बाई रोज एसटीची वाट बघायची. नाव मी विचारलं नाय. तवा नाव सांगायलाबी माणसं भ्यायची. तिच्याजवळ भाकरीची दोन फडकी असायची.

"दोन कशाला गं?"

"सांजची गाडी नाय आली तर गेटापाशीच निजंन, अक्का."

एका सकाळी गाडी आलीच नाय. पुढं दगडफेक चालली होती. मी म्हणलं, "माघारी फिर बाई."

"वाटंवर मारतील का नाय, ठावं नाय. खाडा झाला तर कामावरून काढतील, हे पक्कं."

ती चालायला लागली. तेवढ्यात लांबून कंपनीचा भोंगा ऐकू आला. तिनं चपला हातात घेतल्या अन् त्या सामसूम रस्त्यानं पळत सुटली. मला मोठ्यानं हाक मारायचंसुद्धा भ्या वाटलं.