उपरण्याखालचे हात

लेकीला पुण्यात शिकायला ठेवायचं की नाही, यावरून महिनाभर माझं नि ह्यांचं वाजत होतं; मी हो म्हणत होते, हे नाही. मला बहिणीकडे जायच्या गाडीत बसवताना चिपळूणच्या स्टँडवर हे म्हणाले, "उरलेलं भांडण आल्यावर. आणि ताईच्या घरच्या वादात पंच होऊ नकोस." माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे गावाला ठाऊक.

चिंचवडला ताईच्या दोन खोल्यांत वरवर शांतता होती. भाऊजी कारखान्यात कामाला; त्यांचे वडील तात्या चाकणजवळच्या गावात एकटे. बैलजोडी विकून तात्यांनी चिंचवडला यावं, हा भाऊजींचा हट्ट. "उद्या चाकणच्या बैलबाजारात बाप-लेकाचं बिनसलं, तर कायमचं तुटेल गं," ताई भाकरी थापताना म्हणाली. तिनं मला भाऊजींबरोबर धाडलं.

चाकणला एस.टी.तून उतरताच कांद्याचा उग्र वास आला. मुलाच्या शब्दाखातर तात्या बैल घेऊन आले होते. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, आला, त्यानं तात्यांच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून बोटं दाबून भाव सांगितला. तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरा आला, तरी तेच.

भाऊजींचा तोल गेला. "जग कुठं चाललंय, आणि हे शेणातच बसणार! अडाणी ते अडाणीच."

आजूबाजूची माणसं बघू लागली. तात्या खाली बघत बैलाची पाठ चोळत राहिले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी दुसऱ्या हेड्याला विचारलं, "भाव उघड का नाही सांगत?"

"न्हाई जमलं तरी कुणाचं हसं हुत न्हाई, ताई. फुडच्या बाजारी राम राम घालाया तोंड ऱ्हातं."

भाऊजींनी ते ऐकलं. थोड्या वेळानं ते तात्यांशेजारी मातीत बसले, परीटघडीच्या पँटीसकट. "चुकलं माझं, तात्या," म्हणाले, आणि उपरण्याचं टोक ओढून त्याखाली बापाचा हात धरला.

"मला तुजं पटत न्हाई, बाळा," तात्या म्हणाले.

"मलाही तुमचं नाही पटत. पण सुट्टीला मीच येत जाईन."

हात मात्र कुणी सोडले नाहीत. मग आम्ही भजी खाल्ली. तात्यांनी पुडा आधी लेकापुढे धरला. बैल घरी निघाले तेव्हा एकाचा कासरा भाऊजींच्या हातात होता.

चिपळूणला पोचले. चहा पिताना ह्यांनी विषय काढलाच. "मुलीला एवढ्या लांब ठेवायचं म्हणतेस, अक्कल आहे का?"

जिभेवर तिखट उत्तर तयार होतं. मी ते चहाबरोबर गिळलं आणि ह्यांच्या हातावर पदर टाकला.

"हे काय आता?"

"चाकणची रीत," मी त्यांचा हात धरून म्हणाले. "तुम्हाला कसली भीती वाटते, ते आधी सांगा."