विमानात मावणारी गाडी

देवाचं काम करता करता तुमच्या हातून कधी लष्कराचं नुकसान झालंय का?

माझ्या हातून झालं. तसं पाहिलं तर ती गाडी लष्करानं लिलावात विकून टाकली होती, म्हणजे नुकसान आमच्या घरचंच. पण गाडी माझ्या दिरांची, नामदेव भाऊजींची. ते फौजेतून निवृत्त झाले तरी घरात अजून ताठ बसून जेवतात, आणि भाजी संपली तर ‘रसद संपली’ म्हणतात. तेव्हा आमचं घर कुठं संपतं आणि लष्कर कुठं सुरू होतं, ते माझ्यानं सांगवत नाही.

भाऊजी फौजेत ड्रायव्हर होते. त्यांच्याकडं जी गाडी होती, तसलीच एक जुनी गाडी त्यांनी शोधून वडनेरला आणली. आणली म्हणजे काय, ट्रकमधून उतरवली. निम्मी गाडी एका बाजूला, निम्मी पोत्यात! सासूबाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, “नाम्या, हे भंगार इकाले आणलं का इकत आणलं?”

पण भाऊजींनी ती उभी केली. अंगणातल्या लिंबाखाली रोज काहीतरी ठोकत, पुसत, रंगवत बसायचे. जीपपेक्षा ठेंगणी, हिरवी, चारी कोपऱ्यांना जाड लोखंडी कड्या. तिचं सगळं मोठेपण एका गोष्टीत होतं: ती विमानाच्या पोटात मावते. जिथं रस्ता नाही तिथं विमानानं न्यायची, उतरवायची, आणि लगेच चालवायची.

हे भाऊजी आम्हाला रोज जेवताना सांगायचे. कड्या कशाला, टप कसा काढतात, आणखी काय काय करतात. मी भाकरी थापता थापता ‘हाव, हाव’ म्हणायची. खरं सांगू? अर्धं लक्ष तव्यावर असायचं, आणि उरलेलं अर्धं दुसऱ्या भाकरीवर.

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेनं ठरवलं, की ही गाडी मुलांना दाखवायची. चित्रकलेचे सर उत्साही. त्यांनी मैदानावर बांबूच्या कामट्यांचं आणि पांढऱ्या कापडाचं भलंमोठं विमान उभारलं. मागच्या बाजूला दार. भाऊजी गाडी चालवत त्या दारातून आत जाणार, थांबणार, आणि टाळ्यांच्या कडकडाटात बाहेर येणार. सरांनी घरी येऊन टेपनं मापं घेतली. गाडी जेवढी, त्याहून जरासं मोठं दार. जास्त मोठं केलं तर विमान मंगल कार्यालयासारखं दिसतं, असं सर म्हणाले.

यात भाऊजींचा जीव अडकला होता, कारण त्यांचे जुने साहेब येणार होते. आता खूप म्हातारे झालेले. भाऊजींनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, “साहेब, गाडी होती तशीच्या तशी केली. एक बार पाहून जा.” आणि साहेब खरंच निघाले! आदल्या दिवसापासून भाऊजींना घास गिळवत नव्हता.

सव्वीस तारखेला पहाटेच भाऊजींनी गाडीला तेलपाणी केलं, काहीतरी ढिलं केलं, काहीतरी आवळलं, आणि ती अंगणातच ठेवून, रिक्षा करून साहेबांना आणायला नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेले. आमचे हे हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात. घरात सासूबाई आणि मी.

मी गाडीकडं पाहिलं. एवढी नटलेली गाडी, एवढा मोठा दिवस, आणि तिला साधं हळदीकुंकू नाही! आपल्याकडं सायकल घेतली तरी नारळ फोडतात. ही तर देशाची सेवा करून आलेली. मी ताट घेतलं. चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ फोडला. कड्यांना झेंडूची तोरणं बांधली. मग ओल्या कुंकवानं समोरच्या काचेवर स्वस्तिक काढायला लागले.

बोट जरा दाबलं गेलं असेल. जरासंच हो!

समोरची सगळी काच, चौकटीसकट, पुढं गेली आणि बॉनेटवर धाडकन आडवी झाली.

मी ताट घेऊन तशीच उभी. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “काय फोडलं व?”

“काही नाही आई. नारळ.”

“नारळ तं मघाच फुटला.”

त्या काठी टेकत आल्या, काचेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, “दोन वर्सं पोरगं राबलं. तू एका बोटात निकाल लावला.”

काच उचलून उभी केली की पुन्हा पडायची. भाऊजी साहेबांना घेऊन कोणत्याही क्षणी येणार. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? फोन करून सांगितलं असतं? स्टेशनावर, साहेबांसमोर, त्या माणसाला? माझ्यानं ते होईना. मी चौकातल्या युनूसभाईंना बोलावलं. ते खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करतात. वेल्डिंगचं मशीन हातगाडीवर घालून आले बिचारे.

त्यांनी काच दोनदा उभी-आडवी करून पाहिली. “वहिनी, मले तं वाटते, हे असंच पडाचं असन. बिजागरी हाये हिले.”

“युनूसभाई, गाडीची काच कधी पडायची असते का? वारा डोळ्यात नाही का जाणार?”

त्यांनी विचार केला. “हे बी बराबर हाये.”

“मंग असं जोडा, की पुन्हा जन्मात पडली नाही पाहिजे.”

“जन्मात नाही पडत,” युनूसभाई म्हणाले, आणि काचेवर ओलं पोतं टाकून कामाला लागले.

दोन्ही बाजूंना असा पक्का जोड मारला, की काय सांगावं! वर भाऊजींच्याच डब्यातला हिरवा रंग फासला, रंगावर हार सोडले. सासूबाईंनी काच हलवून पाहिली. हलेना. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “आदी लय खुळखुळ करे.”

भाऊजी आले ते घाईतच. साहेब उंच, वाळलेले, टोपी घातलेले. गाडी पाहून साहेबांनी बॉनेटवरून हात फिरवला. भाऊजींचे डोळे भरून आले. “वहिनी, हार लय चांगले लावले,” म्हणाले, आणि दोघं गाडीत बसून शाळेकडं निघाले. मला वाटलं, सुटले!

मैदान भरलेलं. साहेब मंचावर खुर्चीत, मी आणि सासूबाई बायकांत. मराठीच्या सरांच्या हातात माईक. त्यांनी सगळं आधीच लिहून आणलेलं. भाऊजींनी गाडी विमानाच्या दारासमोर आणून उभी केली. इंजिन सुरूच.

“आणि आता,” सर वाचू लागले, “ही चिमुकली गाडी विमानात कशी शिरते ते पाहा! उंची कमी करण्यासाठी तिची समोरची काच फुलाच्या पाकळीसारखी अलगद मिटते!”

मिटते?

भाऊजींनी एका हातानं काच ढकलली. मग दोन हातांनी. मग अर्धे उभे राहून खांदा लावला. काच ढिम्म.

“पाहा, कशी अलगद मिटते!” सरांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

मी उठून ओरडले, “भाऊजी, नका ढकलू!” पण लाउडस्पीकरपुढं माझा आवाज कुठं ऐकू जाणार? भाऊजींनी सगळा भार काचेवर टाकला, आणि त्यांचा पाय क्लचवरून सटकला.

गाडीनं उडीच मारली. सरळ विमानात! दाराच्या वरच्या बांबूला काचेची चौकट अडकली, कामट्या कडाकड वाजल्या, आणि सगळं विमान जमिनीवरून सुटून गाडीच्या डोक्यावर बसलं. झेंडूची तोरणं कापडात गुंतली. आत भाऊजी, बाहेर पंख. त्यांना पुढचं दिसेना, ब्रेक सापडेना. पंख हलवत ते विमान मैदानात एक वळसा घेऊन झेंड्याच्या ओट्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

“आणि विमानानं उड्डाण केलं आहे!” सरांनी पुढची ओळ वाचली.

भाऊजी कापडातून रांगत बाहेर आले. कानात झेंडूच्या पाकळ्या. कुणालाही खरचटलं नाही, काच तर तडकलीसुद्धा नाही. पण मुख्याध्यापक चित्रकलेच्या सरांवर तुटून पडले. “माप काऊन चुकलं? येवढ्या लोकांत शोभा केली ना!”

“सर, मी टेपनं मोजलं होतं! काच पाडूनच मोजलं होतं!” सरांचा आवाज रडवेला झाला. ते विमान करायला बिचारे रोज शाळा सुटल्यावर थांबत होते.

आता गप्प बसणं शक्य होतं का? मी पदर खोचून मैदानात गेले. “सरांची काही चूक नाही. काच मी वेल्डिंग करून घेतली.”

भाऊजींनी हार बाजूला करून जोडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. “वहिनी,” ते हळू आवाजात म्हणाले, “रोज जेवताना मी तुमाले काय सांगत होतो?”

“मी भाकरी करून राहिले होते, भाऊजी.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर खाली बसले, आणि साहेबांकडं पाहवत नाही म्हणून जमिनीकडं पाहत राहिले.

तेवढ्यात साहेब मंचावरून उतरून आले. गाडीभोवती फिरले. अंगठ्यानं जोड दाबून पाहिला. मला विचारलं, “कशासाठी केलंत?”

“तुम्ही येणार होते ना साहेब. मोडकी गाडी कशी दाखवायची?”

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! हसता हसता त्यांना ठसका लागला, मुलांनी पाणी आणलं. मग ते भाऊजींच्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, “नामदेव, गाडी विमानात घालताना मी पुष्कळ वेळा पाहिली. विमान गाडीवर घातलेलं आज पाहिलं. चल ऊठ, मला फिरवून आण.”

आणि भाऊजी उठले. सरांनी आणि मुलांनी विमान उचलून बाजूला ठेवलं, साहेब पुढं बसले, आणि दोघं गावातून चक्कर मारून आले. काच उभी ती उभीच. येताना दोघंही काहीतरी जुनं आठवून मोठमोठ्यानं बोलत होते. भाऊजी त्या रात्री पोटभर जेवले, पण गाडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी मात्र तवा खाली उतरवून, त्यांच्यासमोर हात जोडून बसले होते ऐकायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनूसभाईंनी येऊन दोन्ही जोड कापून दिले. मी अंघोळ करून कुंकवाची वाटी घेऊन अंगणात आले, तर गाडीसमोर खाट टाकून सासूबाई काठी घेऊन बसल्या होत्या. “तठूनच हात जोड,” त्या म्हणाल्या. मी तिथूनच जोडले.