बंद केलेला नंबर

अंथुर्ण्याच्या स्टँडजवळ प्रतिक्षाचं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, सगळं तिच्याकडंच होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा फॉर्म भरताना ती कधी चिडली नाही, अशी तिची ख्याती. त्या ख्यातीचं तिला मनातून कौतुकही होतं.

तीन वर्षांपूर्वी गावात आधारचा कॅम्प लागला. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतली माणसं रांगेत होती. दुष्काळानं गाव सुटलेली, सहा महिने इथं फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, सहा महिने तिकडं. मोबाइल नंबर विचारला की बऱ्याच जणी एकमेकींकडं बघायच्या. फॉर्म भरायला बसलेल्या प्रतिक्षानं झटक्यात तोडगा काढला. एकवीस जणींच्या फॉर्मवर तिनं स्वतःचा नंबर टाकला.

त्यातली एक कुशाबाई. नवरा नाही, दोन नातवंडं पदरात. कोयता धरून धरून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. तिकडं बीडला तिच्या गावी रेशन दुकानात अंगठा उमटायचा नाही, मग आधारच्या नंबरवर ओटीपी यायचा, म्हणजे प्रतिक्षाच्या फोनवर. कुशाबाई कुणाच्या तरी फोनवरून विचारायची, "ताई, आलंय का?" प्रतिक्षा सहा आकडे सांगायची, आणि तिकडं धान्य मिळायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. पण एकवीस घरांचे फोन म्हणजे भाकरी तव्यावर असताना, पाहुणे ओसरीवर असताना, कधीही. नवरा रणजित एकदा म्हणाला, "तू काय रेशन दुकान काढलंयस व्हय?" ती हसली, पण बोल मनाला लागला. पुढच्या उन्हाळ्यात तिनं नवं सिम घेतलं आणि जुनं बंद केलं. गिऱ्हाइकांना नवा नंबर दिला. त्या एकवीस जणींना कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, तिनं कळवलंच नाही.

दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा आल्या. एका सकाळी कुशाबाई दुकानाच्या पायरीशी उभी. गालफडं बसलेली. प्रतिक्षाला बघताच तिचा चेहरा उजळला.

"बऱ्या हायसा न्हवं, ताई? म्या लई फोन केलं. लागंच ना. म्हटलं, आजारी-बिजारी पडल्या का काय."

प्रतिक्षाच्या तोंडून पटकन निघालं, "सिम खराब झालं, मावशी."

"हां. पाच महिनं रेशन न्हाय मिळालं. आता दुकानदार म्हणतो, कार्डच बंद पडलं. पोरांना भाऊजयीकडं ठिवून आले."

प्रतिक्षानं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. कुशाबाई दोन्ही हातांनी कप धरून फुंकर घालत होती आणि प्रतिक्षाला वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती कुशाबाईला स्कूटीवर घेऊन इंदापूरच्या आधार केंद्रात गेली. टोळीच्या मुकादमानं यंदा कुशाबाईला एक साधा फोन मिळवून दिला होता, तोच नंबर द्यायचा होता. बोटं मशीननं चार वेळा नाकारली. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. पावती हातात आली तेव्हा कुशाबाईनं ती कपाळाला लावली.

परतताना रस्त्याकडेला स्कूटी थांबवून प्रतिक्षा म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले. सिम खराब न्हवतं झालं. फोनांचा कंटाळा आला, म्हणून मीच बंद केलं."

कुशाबाईनं पावतीची घडी घालून ती कनवटीला खोचली. मग म्हणाली, "सांगायचं हुतं, ताई. म्या दुसऱ्या कुणाचा तरी दिला असता."

ना राग, ना रडणं. प्रतिक्षाला वाटलं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्ड सुरू करायचा अर्ज तिनंच केला. त्याला चार महिने लागले. बाकीच्या वीस जणींसाठी ती कोपी-कोपी हिंडली, मुकादमांना फोन लावत बसली. तेरा सापडल्या. सात जणींच्या टोळ्या यंदा कर्नाटकात गेल्या होत्या, त्यांचा पत्ता लागला नाही.

गावात अजून कुणी म्हणतं, "प्रतिक्षाताईसारखी मदत कुणी करत न्हाय." तेव्हा ती मान खाली घालून कॉम्प्युटरवर काहीतरी उगाच शोधू लागते.