वाढत्या अंगाचं माप

तळ्यावर गळ टाकून बसणारे सगळेच पट्टीचे थापाडे. प्रत्येकाचा निसटलेला मासा म्हणे हातभर! शेवटी वैतागून टेलरमास्तरांनी स्पर्धाच लावली. फी नाही, चहा ज्याचा त्याने आणायचा, मासा मोजून परत पाण्यात सोडायचा. बक्षीस काय, तर उरल्यासुरल्या कापडाची मास्तरांनी शिवलेली टोपी.

रविवारी दुपारपर्यंत सगळ्यांचे गळ रिकामेच. मग मास्तरांच्या मेव्हण्याला, त्या तोंडाळ बसड्रायव्हरला, एक पिटुकला मासा लागला.

"सोडायबिडायचा नाही, घरी नेणार," तो गुरकावला.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून माशाला लावली. "आठ इंच!"

मेव्हणा वाकून बघतो तो काय! "भाऊजी, सहाच आहे की! वरचे दोन कुठून आणले?"

मास्तरांनी जीभ चावली. जन्म गेला शाळेचे गणवेश शिवण्यात. "अरे, सवयीने वाढत्या अंगाचं माप घेतलं."

सगळे खो खो हसले. मेव्हणा मात्र हातातल्या माशाकडे बघत राहिला. मग गुडघाभर पाण्यात उतरून त्याने तो अलगद सोडला.

"टोपी ठेवा तुमच्याकडेच," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी हा आठ भरला की घेतो."