पालामॅडम

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम कुठलाही पाला आधी चुरगाळून नाकाशी नेत आणि मग जिभेच्या टोकाला लावत. "मॅडम, विषारी असला तर?" असं विचारलं की म्हणत, "मंग आजचं प्रॅक्टिकल रद्द." चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या पालामॅडम.

त्यांच्या घरी दिवाणावर बसायला जागा नसे. तिथे पाला सावलीत वाळत असायचा आणि पाहुणे सतरंजीवर. वाळला की कुटायचा, मिथेनॉलमध्ये भिजवायचा, गाळायचा, मिथेनॉल उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेला काळपट हिरवा अर्क तपासायचा. त्यात काय काय आहे, तो जंतूंना मारतो का? एम.एस्सी.ला मी त्यांच्या हाताखाली हेच करत होते. "घाई नोको करू, पाला कुठी पळून नाई राह्यला," हे मला रोज ऐकावं लागे.

एका वेलीच्या बाबतीत मात्र त्यांनाच घाई झाली. वेलीचं नाव लिहीत नाही, मॅडमनी तसं बजावलंय. जखमेतले जंतू वाढवलेल्या प्लेटवर त्या अर्काच्या थेंबाभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ उमटलं. म्हणजे तेवढ्या भागातले जंतू मेले होते. मॅडम लहान मुलीसारख्या हरखल्या. नेमका त्याच दुपारी कॉलेजात आलेला एक वार्ताहर प्रयोगशाळेत डोकावला आणि मॅडम आनंदाच्या भरात बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात प्लेट हातात धरलेला त्यांचा फोटो होता आणि वर मथळा, 'जखमेवर जंगलातला रामबाण पाला'.

काही दिवसांनी प्रयोग पुन्हा लावताना एका प्लेटवर आम्ही अर्काऐवजी नुसतं मिथेनॉल टाकलं. पहिल्या वेळी ही प्लेट मॅडमनी लावलीच नव्हती. वर्तुळ तेवढंच मोठं आलं. अर्कातलं मिथेनॉल तेव्हा पुरतं उडालं नव्हतं आणि जंतू त्यानंच मेले होते. मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "बाजारात हा पाला इकून राह्यले लोकं. म्या पाह्यलं."

पेपरानं आतल्या पानावर छोटा खुलासा छापला. तो कोणी वाचल्याचं आम्हाला तरी दिसलं नाही. मग मॅडम स्वतःच आठवडी बाजारांतून फिरू लागल्या. पाला विकणाऱ्यांना, घेणाऱ्यांना थांबवून सांगायच्या. सोबत मी असे. मूल गावच्या बाजारात एक बाई म्हणाली, "आमच्या महादूभाऊनं हाच बांधला व्हता. त्याले पाहून या."

महादूभाऊ त्यांच्या गावच्या तलावात मासे धरायचे. त्यांना साखरेचा आजार होता, आणि पायात माशाचा काटा रुतून जखम झाली होती. दवाखाना सोडून त्यांनी पाला वाटून बांधला. शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली. आम्ही गेलो तेव्हा ते पडवीत जाळं शिवत बसले होते. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं.

"पेपरात तुमचाच फोटो व्हता," ते म्हणाले. "मले वाटलं, शिकलेली बाई खोटं काऊन सांगन?"

"खोटं नाई सांगतलं, भाऊ. पुरतं तपासल्याबिगर सांगतलं. चूक माझीच हाय."

"मंग मी काय करू तुमच्या चुकीचं?"

मॅडमनी पुढच्या ड्रेसिंगचा दिवस विचारून घेतला. 

त्यानंतर जखम भरेपर्यंत त्या दर आठवड्याला महादूभाऊंना ड्रेसिंगला नेत राहिल्या. एसटीत दोघं शेजारी बसत. माफी मॅडमनी पुन्हा मागितली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दरवेळी मागतली तर त्याले दरवेळी उत्तर द्या लागन."

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सूत्रसंचालकानं कुठून तरी मिळवलेली ती जुनी बातमी कौतुकानं वाचायला घेतली. 'रामबाण' या शब्दापाशी मॅडम उठल्या आणि त्यांनी माईक मागून घेतला.

"ते चूक निघालं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या बोलण्यानं एका माणसाची बोटं गेली. शाल राहू द्या."

प्राचार्य शाल उलगडून तसेच उभे राहिले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे सभागृहात कोणालाच कळेना. मॅडम खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत बसले.