तीन सीडींचं लिनक्स आणि अब्बांचा आवाज

आमचा पहिला कॉम्प्युटर अब्बांनी दोहाहून आणला, त्यांच्या शेवटच्या सुट्टीत. परत गेले आणि वर्षाच्या आत तिकडेच वारले. मागे राहिला कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात त्यांच्या कॅसेटी.

फोन परवडत नव्हता त्या काळी आखातातली माणसं कॅसेटवर बोलून पाठवायची. सुट्टीवर येणाऱ्या शेजाऱ्याच्या बॅगेत अत्तर, टॉर्च आणि चार-पाच घरांतले नवरे असायचे. अम्मीने सगळ्या कॅसेटी जपल्या, पण रत्नागिरीची दमट हवा काय सोडते? फितींना बुरशी आली. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या खऱ्या, पण उतरवता उतरवता मेल्या टेपरेकॉर्डरने बहुतेक फिती चावून टाकल्या. म्हणजे अब्बांचा आवाज आता फक्त त्या डब्यात होता. अम्मी तो कधी ऐकायची नाही, उतरवतानाही मला आवाज बंद ठेवायला लावला होता. “आहे ना आत?” एवढंच अधूनमधून विचारायची.

मी कॉलेजात होते आणि मला लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचं, खूळ लागलं होतं. मालगुंडहून एसटीने येणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मासिकांसोबत आलेली दोन लिनक्स आणून दिली. एक एकाच सीडीचं, नुसतं घालायचं आणि चालवायचं, कॉम्प्युटरच्या आत कशाला हात लावायला नको. दुसरं तीन सीडींचं, हार्ड डिस्कवर बसवायचं. मला अर्थातच तीन सीडींचं हवं होतं. तीन सीडी म्हणजे काहीतरी भारी! एका सीडीवाल्याला मी नाक मुरडलं.

“आधी अब्बांचं सगळं सायबर कॅफेतून सीडीवर काढून घे गो,” मैत्रीण म्हणाली.

“घेते गो,” मी म्हटलं. घेतलं कोणी?

ऑक्टोबरची दुपार होती. विंडोज एका बाजूला सरकवून शेजारी लिनक्सला जागा करून द्यायची होती. भावाभावांत घराची वाटणी होते तशी, फक्त कोर्टकचेरी नाही. बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. स्क्रीनवर निळी पट्टी इंचाइंचाने सरकायला लागली. मध्येच बंद करू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं आणि चहा ठेवायला आत गेले.

तेवढ्यात खाडीच्या बाजूने गडगडलं. आमच्याकडे ऑक्टोबरात दुपार उलटली की ढग आलेच, आणि गडगडलं की बाया आधी घरभर धावतात, टीव्हीचा प्लग, फोनची वायर, फ्रिज, सगळं उपटतात. कपडे नंतर. मी आधण सोडून पळत आले तर अम्मी भिंतीपाशी उभी, हातात कॉम्प्युटरची वायर.

“वीज पडली असती तर?” ती म्हणाली. “त्यांनी आणलेला आहे.”

मी काय काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. “अक्कल आहे का? अब्बांना पुसून टाकलंस तू!” हेही बोलले. अम्मीने वायर हळूच खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ढग निघून गेले. पुन्हा चालू केलं तर काळा स्क्रीन. विंडोज नाही, लिनक्स नाही, काही नाही. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून ती नाक मुरडलेली एकटी सीडी घातली. कितीतरी वेळ ती घरघरली, मग खरंच एक पडदा उघडला. कोपऱ्यात हार्ड डिस्कचं चित्र होतं. मी त्यावर टिचकी मारली. आत फोल्डर तसाच होता. पुढे दोन्ही नीट शेजारी शेजारी बसवली मी, आणि अब्बांच्या सीडी काढून तीन घरांत ठेवल्या. पण त्या दुपारी मला फक्त एक फाइल उघडून बघायची होती. पहिली दिसली तीच उघडली.

पंख्याची घरघर, आणि मागोमाग अब्बा. केवढा तरुण आवाज! मी त्यांना असं कधी ऐकलंच नव्हतं.

अम्मी दारात आली. आत यायला धजत नव्हती.

“बरी आहेस ना गो?” अब्बा विचारत होते. “पोर बोलायला लागली का?”

आणि थांबले. प्रश्न विचारला की ते कॅसेटवर तेवढी जागा सोडायचे, अम्मी समोर बसल्यासारखी.

अम्मी खुर्चीपाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बोलते,” ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. “आज मलाच ओरडली.”